बाकावरचा गडी : एका अदलाबदलीचा इतिहास

या व्याख्यानमालेत बास्केटबॉलवर बोलण्यासाठी कामगार-संघटनेचा माणूस कशाला उभा केला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आम्ही हा खेळ कधी खेळलो नाही. मुंबईत नागपाड्याला पोरे दिवेलागणीपर्यंत चेंडू आपटीत असतात, ते रस्त्यात उभे राहून पाहिले, एवढीच आमची त्यातली पात्रता. परंतु वेतनकरारांचा इतिहास वाचता वाचता आम्ही अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेपाशी जाऊन पोहोचलो, आणि तेथे एक प्रश्न असा भेटला की तो थेट कारखान्यातून उठून आल्यासारखा वाटला. संघात एक भरवशाचा राखीव गडी आहे. नाव मोठे नाही, पण कामाला चोख. त्याचे वय वाढत चालले आहे आणि तो पगारही वाढवून मागतो आहे. त्याच्या बदल्यात दुसऱ्या संघाकडून तरुण आणि अधिक गुण करणारा खेळाडू मिळतो आहे. तर मग द्यावा की ठेवावा?

1976 च्या ऑक्टोबरात बोस्टन सेल्टिक्स या नामांकित संघाने "द्यावा" असे उत्तर दिले. त्या गड्याचे नाव पॉल सायलस. त्या उत्तराची किंमत बोस्टनला पुढे तीन वर्षे भरावी लागली, असे आमचे मत आहे. पण मताच्या आधी हकीकत सांगितली पाहिजे.

हा खेळ 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने काढला. हिवाळ्यात बंद खोलीत तरुणांना गुंतवून ठेवावे, एवढाच हेतू. दोन पीचच्या टोपल्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकल्या आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन संघ केले. पुढे संख्या पाचावर आली. व्यावसायिक सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, आणि धावपळ अशी की पाचच माणसे सबंध वेळ खेळवली तर शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचे पाय उचलत नाहीत. शिवाय सहा चुका झाल्या की खेळाडूला बाहेर बसावे लागते. म्हणून बाकावर माणसे लागतात, आणि ती नुसती जागा भरणारी असून चालत नाही. आपल्या कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. येथे सहाव्या चुकीनंतर तो त्या सामन्यापुरता मेलाच.

ही गोष्ट सर्वांत आधी नीट ओळखली ती बोस्टनच्या रेड आवरबाक या प्रशिक्षकाने. इतर संघ आपले पहिले पाच सर्वोत्तम ठेवीत आणि उरलेले बाकावर बसवीत. आवरबाकने 1950 नंतरच्या दशकात फ्रँक रॅम्से या उत्तम खेळाडूला मुद्दाम बाकावर ठेवले. समोरचे पाच दमू लागले की हा ताज्या दमाचा माणूस मैदानात सोडायचा. रॅम्सेनंतर 1962 मध्ये आलेल्या जॉन हॅवलिचेकला त्याने हेच काम दिले. "सहावा माणूस" हा शब्द तेव्हापासून या खेळात मानाचा झाला. ज्याने बाकाला मान मिळवून दिला, त्याच आवरबाकने व्यवस्थापक झाल्यावर बाकावरचा माणूस घालवला. आमच्या या हकीकतीतली खरी मेख येथे आहे.

आता थोडे कायद्याकडे वळू. मराठीत "बदली" या शब्दाला दोन अर्थ आहेत. दुसऱ्याच्या जागी कामाला लागणारा तो बदली. आणि एका जागेवरून उचलून दुसरीकडे पाठवणे तीही बदलीच. मुंबईच्या गिरण्यांत पहाटे दारात उभे राहणारे बदली कामगार आमच्या संघटनेतील जुन्या मंडळींनी पाहिलेले आहेत. कायमचा माणूस आला नाही तर आत घ्यायचे, आला तर घरी धाडायचे. 1935 साली गिरणीमालकांनी त्यांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा कोठे त्या उभे राहण्याला काही हिशेब आला. अमेरिकेतला बाकावरचा खेळाडू काही असा उपाशी नसे. त्याच्या हाती करार असे, पगार ठरलेला असे, आणि तो आमच्या गिरणीवाल्यांच्या स्वप्नातही न येणारा असे. तेवढी तुलना ताणू नये. परंतु एका बाबतीत तो आमच्याहून दुबळा होता. गिरणीकामगार निदान एका गिरणीचे दार सोडून दुसरीच्या दारात उभा राहू शकत होता. या खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा संघाचा हक्क संपत नसे. दुसऱ्या संघाकडे जायची त्याला मुभा नव्हती. आणि मालकाला मात्र तो केव्हाही, त्याला न विचारता, दुसऱ्या शहरातल्या मालकाला देऊन टाकता येत असे. नेमणूकही त्यांचीच आणि बदलीही त्यांचीच.

याविरुद्ध खेळाडूंनी 1954 साली संघटना बांधली. तिचा पुढाकार बोस्टनच्याच बॉब कूझीने घेतला. पहिली काही वर्षे मालकांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. मग 14 जानेवारी 1964 चा दिवस आला. बोस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना होता आणि तो दूरचित्रवाणीवर दाखवला जायचा होता. खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत दार लावून बसले. निवृत्तिवेतनाचे लेखी-तोंडी काही पक्के होईपर्यंत बाहेर येणार नाही, असे त्यांनी कळवले. बाहेर प्रेक्षक ताटकळले, दूरचित्रवाणीवाले घड्याळ पाहू लागले, आणि अखेर लीगच्या प्रमुखाने शब्द दिला. तेव्हा संघटनेचा अध्यक्ष होता टॉम हाइन्सन, तोही बोस्टनचाच खेळाडू. श्रोत्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे. आम्ही पुष्कळ संप पाहिले आणि काही केलेही, पण इतक्या थोड्या मिनिटांत आणि इतक्या अचूक वेळी केलेला दुसरा आम्हाला आठवत नाही.

पुढे 1970 साली ऑस्कर रॉबर्टसन हा नामवंत खेळाडू अध्यक्ष असताना संघटनेने लीगविरुद्ध न्यायालयात दावा लावला. वादींत प्रत्येक संघाचा एक याप्रमाणे चौदा खेळाडू होते, आणि बोस्टनकडून नाव होते त्या हॅवलिचेकचे, जो एके काळचा सहावा माणूस. दावा सहा वर्षे चालला. 1976 मध्ये तडजोड झाली आणि करार संपलेल्या खेळाडूला दुसरीकडे जाण्याची वाट प्रथमच उघडली. अर्थात त्या वाटेवर काही वर्षे जुन्या संघाला नुकसानभरपाई देण्याचा नाका ठेवला होताच. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी लीगमधील चार संघही या लीगमध्ये सामील झाले. त्यांत डेन्व्हर होते.

रॉबर्टसननंतर 1974 मध्ये संघटनेचा अध्यक्ष झाला तो पॉल सायलस. म्हणजे खेळाडूंच्या हक्काची सर्वांत मोठी तडजोड ज्या वर्षी झाली, त्या वर्षी संघटनेच्या अध्यक्षाचीच न विचारता अदलाबदल झाली. तडजोडीने करार संपल्यावर जाण्याचा हक्क दिला होता. करारात असताना कोठे धाडले जाऊ नये, हा हक्क तिने दिला नव्हता. अशी फट प्रत्येक करारात राहते.

सायलस कोण होता? जन्म 1943 चा, बालपण कॅलिफोर्नियातील ओकलंडचे. 1964 मध्ये सेंट लुइसच्या संघात आला, तो संघ पुढे अटलांटाला गेला. 1969 मध्ये त्याला फीनिक्सला धाडले आणि 1972 मध्ये बोस्टनला. तेही कसे, तर दुसऱ्या एका खेळाडूवरचा बोस्टनचा हक्क फीनिक्सने घेतला, त्याची भरपाई म्हणून. बोस्टनला तो बाकावरून उठून खेळू लागला. पुढे पुष्कळदा पहिल्या पाचांतही उभा राहिला. त्याचे काम एकच होते. नेम चुकला की चेंडू कड्यावर आपटून परत येतो, त्याला रिबाउंड म्हणतात, तो झेलायचा. या कामाला उडी लागते असे आम्ही समजत होतो. वाचून कळले की उडीपेक्षा जागा महत्त्वाची. चेंडू कोठे पडेल हे आधी ओळखून, अंगाने प्रतिस्पर्ध्याला मागे रोखून ठेवायचे. सायलस फार उंच उडणारा नव्हता. तरी बोस्टनच्या अखेरच्या, म्हणजे 1975-76 च्या हंगामात त्याने दर सामन्याला सरासरी बाराहून अधिक रिबाउंड घेतले. गुण मात्र साधारण दहा-अकरा. प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते चेंडू टोपलीत पडल्यावर. तो परत मिळवून कोणी दिला, हे चोपडीत वेगळ्या रकान्यात जाते.

त्याने परत मिळवलेल्या चेंडूमुळे दुसऱ्यांचे काम हलके होई, आणि ते तर कोणत्याच रकान्यात जात नाही. बोस्टनचा मधला खेळाडू डेव्ह काउन्स हा त्याच्या जागेच्या मानाने बुटका होता. सायलस कड्याखाली उभा असल्यामुळे काउन्सला बाहेर धावता येई, लांबून नेम साधता येई. सायलस आला त्या 1972-73 च्या हंगामात बोस्टनने 82 पैकी 68 सामने जिंकले. 1974 मध्ये अजिंक्यपद मिळाले आणि 1976 मध्ये पुन्हा मिळाले.

1976 च्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना या खेळाच्या इतिहासात गाजलेला आहे. 4 जूनची रात्र. बोस्टन आणि फीनिक्स यांची बरोबरी सुटेना. एकदा नव्हे, तीनदा जादा वेळ द्यावा लागला. माणसे सहा-सहा चुका होऊन बाहेर पडत होती. तिसऱ्या जादा वेळात सायलसही बाहेर गेला. तेव्हा बोस्टनच्या प्रशिक्षकाने बाकाच्या टोकाकडून ग्लेन मॅकडॉनल्ड नावाच्या पोराला उठवले. त्याचे पाय ताजे होते. त्याने त्या पाच मिनिटांत सहा गुण केले आणि बोस्टनने सामना 128-126 असा जिंकला. दोन गुणांचे अंतर, आणि सहा गुण बाकाच्या टोकावरच्या माणसाचे! पुढचा सामना जिंकून बोस्टन अजिंक्य ठरले. मॅकडॉनल्डचे पुढे काय झाले? बोस्टनने त्याला त्याच वर्षी सोडून दिले. तो पुढच्या हंगामात मिलवॉकीकडून नऊ सामने खेळला आणि या लीगमधली त्याची कारकीर्द संपली. हा प्रशिक्षक कोण होता? टॉम हाइन्सन. बारा वर्षांपूर्वी दार लावून बसलेल्या खेळाडूंचा पुढारी आता बाकावर कोण बसेल हे ठरवीत होता. त्यात त्याचा दोष नाही. खेळाडूचे वय सरले की दुसरे काम शोधावेच लागते.

अजिंक्यपदानंतर सायलसने पगारवाढ मागितली. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. वाटाघाटी जुळल्या नाहीत. ऑक्टोबरात तीन संघांचा मिळून एक सौदा झाला. सायलस डेन्व्हरला गेला, डेन्व्हरचा एक खेळाडू डेट्रॉइटला, आणि डेट्रॉइटचा कर्टिस रो बोस्टनला आला. कागदावर पाहिले तर हा सौदा वाईट दिसत नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. रो सायलसपेक्षा सहा वर्षांनी लहान होता. गुण तो अधिक करीत असे. त्याच वर्षी निवडक खेळाडूंच्या सामन्यातही तो होता. पस्तिशीकडे झुकलेला माणूस देऊन सत्ताविशीचा माणूस घेतला, असा हिशेब कोणत्याही कारकुनाने मान्य केला असता.

हंगाम सुरू झाला आणि नोव्हेंबरात काउन्सने व्यवस्थापकांना सांगितले की आपल्यात उत्साह उरला नाही, आपण रजेवर जातो. बिनपगारी रजा! संघाचा मुख्य खेळाडू, वय अठ्ठावीस, अंगाने धडधाकट, आणि पगार नको म्हणून घरी गेला. तो जानेवारीत परतला. तोवर तीस सामने होऊन गेले होते. सायलसचे जाणे हे त्यामागचे एक कारण होते. एकमेव होते असे आम्ही म्हणणार नाही. तरी कारखान्यात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. शेजारच्या यंत्रावरचा जुना माणूस उठवला की आपले यंत्र तेच असते, भारही तोच असतो, आणि तरी पाळी संपता संपत नाही.

आकडे बोलके आहेत. अजिंक्यपदाच्या हंगामात बोस्टनने 54 सामने जिंकले होते. पुढल्या हंगामात 44. त्यापुढे 32, आणि 1978-79 मध्ये 29. मध्येच, जानेवारी 1978 मध्ये, हाइन्सनला प्रशिक्षकपदावरून काढले. त्याच वर्षी हॅवलिचेक निवृत्त झाला. येथे सावध राहिले पाहिजे. संघ खचला तो एका माणसाच्या जाण्याने, असे म्हणणे म्हणजे गिरणी बुडाली ती एका ताणेवाल्याच्या गैरहजेरीमुळे असे म्हणण्यासारखे आहे. हॅवलिचेक म्हातारा होत होता, इतरही चुका झाल्या, नवे आलेले खेळाडू जुळले नाहीत. परंतु पडझडीची सुरुवात कोठे झाली हे विचाराल तर आम्ही ऑक्टोबर 1976 कडे बोट दाखवू. पुढे खुद्द आवरबाकनेही सायलसला जाऊ देणे ही आपली चूक होती असे मान्य केले. व्यवस्थापकाने चूक कबूल करणे ही घटना आमच्या अनुभवात इतकी विरळ आहे की तिची नोंद करणे भाग आहे.

मग राखीव गडी कधी द्यायचाच नाही काय? तसे आमचे म्हणणे नाही. बोस्टनचेच दुसरे दोन सौदे पाहा. 1956 मध्ये बिल रसेल या तरुणाला मिळवण्यासाठी आवरबाकने एड मॅकॉली हा आपला मोठा खेळाडू आणि दुसऱ्या एका होतकरू खेळाडूवरचा हक्क सेंट लुइसला देऊ केला. मालकाला मॅकॉलीला घालवणे जड जात होते. तेव्हा मॅकॉलीनेच सांगितले की सेंट लुइस आपले गाव आहे, लहान मुलगा आजारी आहे, तिकडे गेलो तर बरेच होईल. रसेल आला आणि बोस्टनने पुढल्या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवली. मॅकॉलीच्या सेंट लुइसनेही 1958 मध्ये बोस्टनलाच हरवून अजिंक्यपद घेतले. दुसरा सौदा 1983 चा. बोस्टनने रिक रोबी हा बाकावरचा उंच खेळाडू फीनिक्सला देऊन डेनिस जॉन्सनला आणले. त्या वेळी बोस्टनकडे उंच माणसे पुरेशी होती आणि प्रतिस्पर्ध्यांच्या चपळ खेळाडूंना अडवील असा माणूस नव्हता. 1984 आणि 1986 मध्ये बोस्टन पुन्हा अजिंक्य झाले. हा सौदा सर्वांनी शहाणपणाचा मानला, आम्हीही मानतो.

फरक कोठे पडला? वयात नव्हे. बाकावरचा की पहिल्या पाचांतला, यातही नव्हे. 1956 आणि 1983 मध्ये आधी मैदानावरची उणीव ओळखली गेली, मग ती भरून काढणारा माणूस शोधला गेला, आणि त्याची किंमत म्हणून आपला माणूस दिला गेला. 1976 मध्ये मैदानावर उणीव नव्हतीच. संघ नुकताच अजिंक्य झाला होता. उणीव निर्माण झाली ती कचेरीतल्या टेबलावर. वाद पगाराचा होता आणि तो सौद्याने मिटवला गेला. रो चांगला खेळाडू असेल. पण बोस्टनला जे काम हवे होते ते त्याचे कामच नव्हते. गुण करणारे बोस्टनकडे होते. परतलेला चेंडू झेलणारा त्यांनी देऊन टाकला. करारांच्या टेबलावर आम्ही जी वर्षे काढली त्यांत एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. वाढ नाकारायची असली की माणसाचे वय आठवते. काल रात्रपाळीला त्याच्यावाचून अडत होते, हे त्या दिवशी कोणाला आठवत नाही.

सायलसपुरते सांगायचे तर डेन्व्हरला तो एकच हंगाम राहिला. 1977 मध्ये तेथूनही त्याची अदलाबदल झाली आणि तो सिॲटलला गेला; कारकिर्दीतली ही चौथी. सिॲटलचा संघ त्या हंगामाच्या आरंभी 22 पैकी 17 सामने हरला होता. मग प्रशिक्षक बदलला, लेनी विल्किन्स आला, आणि सायलस पुन्हा आपल्या जुन्या जागी, बाकावर, बसू लागला. त्या संघात जॅक सिक्मा नावाचा नवा उंच पोरगा होता. कड्याखाली जागा कशी धरायची हे सायलसने त्याला शिकवले. सिॲटल त्याच हंगामात अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले आणि सातव्या सामन्यात हरले. 1979 मध्ये मात्र त्याच प्रतिस्पर्ध्याला चार-एक असे हरवून अजिंक्य ठरले. सायलसचे ते तिसरे अजिंक्यपद. त्या मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला डेनिस जॉन्सन, तोच, ज्याला चार वर्षांनी बोस्टनने आपल्याकडे आणले. आणि ज्या हंगामात सिॲटल अजिंक्य झाले, त्याच हंगामात बोस्टनने 82 पैकी 53 सामने गमावले होते.

1982-83 पासून लीगने "सहाव्या माणसा"साठी वर्षाचे स्वतंत्र पारितोषिक ठेवले. सायलसला ते मिळण्याचा प्रश्न नव्हता. सोळा हंगाम खेळून 1980 मध्ये तो निवृत्त झाला आणि संघटनेचे अध्यक्षपदही त्याच वर्षी सुटले. लगेच त्याला सॅन डिएगोच्या संघाने प्रशिक्षक नेमले. पुढे 2003 मध्ये लब्रॉन जेम्स हा अठरा वर्षांचा मुलगा क्लीव्हलंडच्या संघात आला, तेव्हा त्याचा पहिला व्यावसायिक प्रशिक्षक सायलसच होता. 2022 च्या डिसेंबरात तो वारला. सॅन डिएगोला तो तीन हंगाम होता, आणि बाकावर कोणी बसायचे हे तेथे त्याला रोज संध्याकाळी ठरवावे लागे.